बाकाकडची बाजू

मी एका जुन्या रेल्वे स्टेशनचा फोटो बोलतोय. माझं स्टेशन सापडलं तो अगदी साधा रविवार होता. पंखा कुरकुरत होता, वकील चहावर फुंकर घालत होते आणि मी मास्तरांच्या टेबलावर भिंगाखाली उताणा पडलो होतो.

"सापडलं!" मास्तर ओरडले. "एक टाकी गोल, एक चौकोनी. छपराच्या कडेला लाकडी झालर. बोला वकील!"

"बोलायचं काय? गेल्या खेपेला गुदामाला स्टेशन म्हणालात, तेव्हाही असेच ओरडला होतात."

निवृत्तीनंतर दोघांना हाच नाद. जुने फोटो जमवायचे आणि पाटी दिसत नसली तरी स्टेशन ओळखायचं. माणसांशी त्यांना देणंघेणं नसे.

मी जन्मलो तो मात्र माणसासाठी. बापाशी भांडून घर सोडलेल्या एका तरुणानं फलाटावर फिरत्या फोटोवाल्याला हाक मारली. नळावर केस ओले करून भांग पाडला, बाकावर ताठ बसला आणि म्हणाला, "चेहरा नीट येऊ द्या. घरी पाठवायचाय."

पाकिटात माझ्याबरोबर चिठ्ठी नव्हती. वरचा शिक्का पुसट होता. बापानं मला पालथं घातलं. "तोंड बघायचं नाही मला त्याचं!" घरातले त्याचे बाकीचे फोटो त्यानं चुलीत घातले. मला आईनं पिठाच्या डब्याखाली लपवलं. डबा पुसायच्या निमित्तानं ती रोज मला बघे. मुलगा काही परतला नाही.

आई गेल्यावर मी त्याच्या बहिणीकडे आलो. ती कपडे शिवायची. कुणीतरी मास्तरांचं नाव सांगितलं, तशी मला रुमालात गुंडाळून घेऊन आली.

"मास्तर, हे स्टेशन कुठलं तेवढं सांगा. तिथं जाईन, हमालांना, दुकानदारांना हा दाखवीन. कुणीतरी ओळखेलच माझ्या भावाला. पण जपा हं, त्याचा हा एकच आहे."

"निर्धास्त राहा, ताई."

राहिली बिचारी.

त्या रविवारी मास्तरांनी तिला फोन केला. "उद्या या. नाव समोरच सांगतो." मग अल्बम काढला. ओळख पटलेलं स्टेशन त्याच दिवशी अल्बममध्ये चढवायचं, ही त्यांची रीत. सगळ्या चौकटी एका मापाच्या.

"बाकाकडची बाजू बाहेर जातेय," वकील म्हणाले.

"मग कापू. तसाही हा बाबा मध्येच कडमडलाय. स्टेशनच्या फोटोत माणूस म्हणजे डाग."

कित्येक फोटोंवर फिरलेला हात होता तो. पट्टी ठेवली, पातं ओढलं. कागदालाही लागतं, पण ते कुणाला ऐकू जात नाही. तुकडा टोपलीत पडला. मला डिंक लावून चिकटवलं. सकाळी टोपली रिकामी झाली.

ती आली ती प्रवासाची पिशवी घेऊनच. मास्तरांनी अल्बम उघडला, माझ्याखाली लिहिलेल्या नावावर तळहात ठेवला आणि लहान मुलासारखे हसले. "आधी फोटो बघा. नाव नंतर!"

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाकाकडची बाजू कुठंय?"

मास्तरांचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांनी टोपलीकडे पाहिलं. "अहो... सवयीनं... माझ्या ध्यानातच..."

"पण ताई, स्टेशन शंभर टक्के तेच!" वकील घाईघाईनं म्हणाले. "मी स्वतः ताडून पाहिलंय."

तिनं माझ्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. आयुष्यभर कात्री चालवलेला अंगठा.

"कापलंय मात्र सरळ," ती म्हणाली.

मी अजून त्याच पानावर आहे. पाहुणे येतात, टाक्या बघतात, झालर बघतात, मास्तरांची पाठ थोपटतात. मला कधी पाहिलंत तर उजव्या कडेशी जरा थांबा. तिथं एकजण भांग पाडून बसला होता.

तिनं मला परत मागितलं नाही. पिशवी उचलली, चपला घातल्या. मास्तरांचा हात नावावर तसाच होता. स्टेशनचं नाव तिनं विचारलं नाही.