सव्वीस जूनच्या दोघी

मित्रांनो, मी जुना अर्ज आहे, पण मला वाळवी लागलेली नाही आणि माझ्यावर कोणाच्या चहाच्या कपाचा गोल डागही नाही. मी संगणकाच्या पडद्यावर भरायचा अर्ज. आर्वीतल्या मुलींच्या एका वसतिगृहात ज्यांना राहायचे असे, त्यांचे नाव, गाव, जन्मतारीख मी विचारून घेत असे. आता ते काम संपले. पण एक चूक माझ्या हातून झाली होती. ती अजून मनातून जात नाही, म्हणून सांगायला बसलो आहे.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. मला ऐकू सगळे येते. बोलता मात्र मोजकेच येते. जिने मला बनवले तिने जी वाक्ये लिहून दिली तेवढीच माझी. आठवे वाक्य बोलावेसे वाटले तरी माझ्यापाशी सातच होती.

जिने मला बनवले तिचे नाव वर्षाली. ती रोहणा गावची. शेतकऱ्याच्या घरची मुलगी, वर्ध्याला संगणक शिकली. वसतिगृहात तेव्हा कागदी अर्जांचे गठ्ठे पडलेले असत आणि कारकून प्रभाकरराव दरवर्षी त्यातला एखादा हरवून बसत. वर्षालीने हे काम आपण होऊन अंगावर घेतले. कापसाचे दिवस होते. तिच्या घरातली पुढची खोली कापसाने छतापर्यंत भरली होती. त्या कापसाला पाठ टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन तिने मला घडवले.

तिने आधी मला बनवलेच नाही, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. आधी तिने माहितीचे कोठार बांधले. त्याला डेटाबेस म्हणतात. त्यात रकाने आखले. कोणत्या रकान्यात अक्षरे, कोणत्यात आकडे, कोणत्यात तारीख, हे ठरवले. प्रत्येक मुलीची एक ओळ. मग त्या रकान्यांसमोर माझ्या चौकटी उभ्या केल्या. आणि मग नियम आले. मोबाइल नंबर दहा आकडी हवा. जन्मतारीख उद्याची नको. गाव यादीतूनच निवडायचे. हा शेवटचा नियम उशिरा सुचला, कारण सुरुवातीला एकाने गावाच्या चौकटीत ‘जामच्या थोडं पुढं’ असे लिहून ठेवले होते. तेही खोटे नव्हते म्हणा.

वर्षालीचे वडील अण्णाजी. माझी परीक्षा त्यांनी घेतली.

“बाबा, याच्यात मुद्दाम चुकीचं भरा,” वर्षाली म्हणाली.

“आजवर मले कोणी चुकीचं भर म्हटलं नाई,” अण्णाजी म्हणाले, आणि मोठ्या आनंदाने त्यांनी मोबाइलच्या चौकटीत आपल्या बैलाचे नाव लिहिले. मी लगेच लाल झालो. जन्मतारीख त्यांनी पुढच्या दिवाळीची टाकली. मी पुन्हा लाल झालो. अण्णाजी इतके हसले की मागचा कापूस घसरला.

“पडद्यावर एकदा तपासतं, अन् कोठारात टाकताना पुन्हा तपासतं. दोनदा काऊन?” त्यांनी विचारले.

“पडद्यावरची तपासणी कोणीबी चुकवू शकते, बाबा. म्हणून आतल्या दारातही पाहून घ्याचं.”

अण्णाजींना ते पटले. कापूस घरी तोलला तरी जिनिंगच्या कारखान्यात पुन्हा तोलतातच, असे ते म्हणाले. त्या आठवड्यात वर्षालीने काल्पनिक मुलींची एक लांबलचक यादी करून मला तपासले. लांब आडनावाची मुलगी होती, वडील नसलेली होती, दोन मोबाइल असलेली होती. त्या यादीत दोन बहिणी मात्र नव्हत्या.

पहिले वर्ष माझ्या कौतुकाचे गेले. वसतिगृहाच्या अधीक्षिका शोभाबाई येईल त्या पाहुण्याला मला उघडून दाखवत. मी फुगलो होतो, हे कबूल करतो. फक्त एकदा गोंधळ झाला. जामच्या बबनरावांचे इंटरनेट हळू चालत होते. त्यांनी बटण दाबले, काही हलले नाही, म्हणून पुन्हा दाबले, असे सात वेळा. वर त्यात काही वेळा मुलीचे घरी हाक मारायचे नाव लिहिले आणि काही वेळा शाळेतले. कोठारात एकीच्या सात मुली झाल्या. प्रभाकरराव यादी घेऊन डोके धरून बसले.

“एक पोरगी, एक अर्ज. असा नियम कर बाप्पा,” ते वर्षालीला म्हणाले.

वर्षालीने विचार केला. मुलीच्या नावावर भरवसा ठेवता येत नव्हता. म्हणून तिने ठरवले, वडिलांचे नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख ही चारही जुळली की ती एकच मुलगी. मला नवे वाक्य मिळाले: ‘या मुलीचा अर्ज आधीच आला आहे.’ एकाच तारखेच्या दोन बहिणी फार तर जुळ्या असतील, आणि जुळ्या कुठे रोज येतात, असे तिला वाटले. मलाही तसेच वाटले. खाली वसतिगृहाचा फोन नंबर द्यावा, असे तिच्या मनात होते, पण प्रभाकरराव म्हणाले, “नंबर नको टाकू. लोक अर्ज सोडून फोनच लावतीन.” म्हणून तो राहिला.

पुढच्या जूनमध्ये, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, तळेगावच्या हेमराजच्या ऑनलाइन केंद्रात मी उघडलो गेलो. समोर तानबा उईके आणि त्यांच्या दोन मुली होत्या, दामिनी आणि चंचल. तळेगावपासून आत, जंगलाच्या कडेला त्यांची वस्ती. तानबा तेंदूपत्ता तोडायला जात, मोहफुले वेचत, कोणाच्या शेतात कामाला जात. घरात ते आपली गोंडी बोलत.

दामिनी दोन वर्षांनी मोठी. पण शाळेच्या वाटेवर नाला होता, आणि त्यांची आई भागाबाई म्हणे, धाकटी शाळेत जाण्याजोगी झाली की दोघी हात धरून जातील. म्हणून दामिनी दोन वर्षे घरी थांबली. मग एका सव्वीस जूनला, शाळा उघडली त्या दिवशी, तानबांनी दोघींना सोबतच नेले. मुली घरी जन्मल्या होत्या, दाखला नव्हता. गुरुजींनी त्या दिवसाचीच तारीख घेतली, सहा वर्षे मागे नेली आणि दोघींच्या नावापुढे लिहून टाकली. तेव्हापासून दोघी एका वर्गात, एका बाकावर. सातवीही सोबतच झाली. पुढे गावात शाळा नव्हती, म्हणून आता आठवीला आर्वीला जायचे होते, आणि तेही सोबतच.

हेमराजने आधी दामिनीचा अर्ज भरला. मी आनंदाने म्हणालो, ‘अर्ज मिळाला.’ मग त्याने चंचलचा भरला. चंचलचे नाव माझ्या चौकटीत आले. तानबा उईके. तीच वस्ती. सव्वीस जून. बटण दाबले.

मी लाल झालो आणि मला दिलेले वाक्य बोललो.

“काय म्हणते?” तानबांनी विचारले.

“म्हणते, हिचा अर्ज भरला हाये.”

“कोठी भरला? आता तं बसलो आपण. दोघी उभ्या हायेत ना समोर!”

हेमराजने पुन्हा बटण दाबले. मी पुन्हा तेच बोललो. तो चांगला माणूस होता, त्याने एक तोड काढली. “काका, तारीख एक दिवस पुढं टाकू काय? घेऊन घेईन ते.”

तानबांनी नकारार्थी मान हलवली. “नाई. गुरुजीनं लिहिलं तेच लिहिजो. कागद वेगळा अन् हे वेगळं झालं तं पोरीले पुढं तरास. खोटं नाई लिहाचं.”

मित्रांनो, माझ्या सगळ्या नियमांपेक्षा तो माणूस खरा होता, आणि मी त्यालाच परत पाठवत होतो. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, आर्वीला जा, शोभाबाईंना भेटा, त्या डोळ्यांनी पाहतील. पण ते वाक्य माझ्याकडे नव्हते. खाली नंबरही नव्हता. तानबांना वाटले, मशीन म्हणाले म्हणजे वसतिगृहच नाही म्हणाले.

अकरा मिनिटे चंचलचे नाव माझ्या चौकटीत होते. मग ती वडिलांना गोंडीत काहीतरी म्हणाली, अगदी लहान, दोन-तीन शब्द. मला ती भाषा येत नाही. हेमराजने पान बंद केले आणि नाव पुसले गेले.

दामिनी एकटी आली. ती पेटीवर बसून राही. शोभाबाईंना वाटले, घरची आठवण येत असेल, होईल हळूहळू. पोळ्याला मुलींना करंज्या मिळाल्या. दामिनीने एक खाल्ली आणि एक कागदात बांधून ठेवली.

“कोणासाठी वं?” शोभाबाईंनी विचारले.

“चंचलसाठी. माही बहीण.”

“मंग तिले काऊन नाई आणलं?”

“तुमचा कॉम्प्युटर म्हणे, आम्ही दोघी एकच हावो.”

शोभाबाईंनी तिथूनच वर्षालीला फोन लावला. ती तेव्हा नागपूरला नोकरी करत होती. रविवारी ती आली आणि तिने माझे कोठार उघडले. चंचल उईके, शोध. काही नाही. मी जे नाकारतो ते ठेवत नाही, तशीच माझी रचना होती. वर्षाली रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली.

“शाळेचं ॲडमिशन बंद झालं, ताई. या साली नाई होत आता,” शोभाबाई म्हणाल्या.

त्या दुपारी वर्षालीने मला बदलले. चारही गोष्टी जुळल्या तरी आता मी लाल होत नाही. मी विचारतो, ‘ही वेगळी मुलगी आहे का?’ हो म्हटले की अर्ज शोभाबाईंकडे जातो आणि त्या स्वतः फोन करून बघतात. कोणाचा अर्ज अडला तर तेही नोंदले जाते. खाली मोठ्या अक्षरांत नंबर आला. प्रभाकररावांनीच तो टाकायला सांगितला. आणि बदललेल्या नियमाच्या वर, आतल्या लिखाणात, तिने एक टीप लिहिली. संगणकाचे काम करणारी माणसे अशा टिपा लिहितात. त्या पुढच्या कारागिरासाठी असतात, पडद्यावर कधी दिसत नाहीत. तिने लिहिले, ‘हा नियम बदलला. जुन्या नियमामुळे चंचल उईके राहून गेली.’

पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज भरा, असा निरोप शोभाबाईंनी दामिनीकरवी घरी पाठवला. मग मी वाट पाहायला लागलो. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. वर्षभर मला कोणी उघडत नाही, फक्त जूनमध्ये उघडतात. पण त्या वर्षी जून यायला फार वेळ लागला. अर्ज सुरू झाले. कोणी गावाच्या यादीवर बोट फिरवले की मी म्हणे, थांब, तळेगावच्या बाजूला थांब. आष्टीची मुलगी आली, कारंज्याची आली. दोन दिवस गेले. चंचल आता येणार नाही, ती तेंदूपत्त्याला जाऊ लागली असेल, असे मला वाटू लागले आणि माझा जीव तुटत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी हेमराजच्या केंद्रातून चौकट भरू लागली. चंचल. तानबा उईके. सव्वीस जून. मी विचारले, ‘ही वेगळी मुलगी आहे का?’

बोट थोडे थांबले. मग ‘हो’ दाबले गेले.

‘अर्ज मिळाला,’ मी म्हणालो. हे वाक्य मी शेकडो वेळा बोललो आहे, पण त्या दिवशी तेही मला अपुरे वाटले. इयत्तेच्या चौकटीत आठवी लिहिले होते. दामिनी तेव्हा नववीत गेली होती. जागा मला देता आली, मित्रांनो. ते वर्ष देता आले नाही. दोघी पुन्हा कधी एका बाकावर बसल्या नाहीत. वसतिगृहात खाटा मात्र शेजारी लावून घेतल्या.

यंदा सगळ्या वसतिगृहांसाठी एक मोठी नवी व्यवस्था आली आणि मला बंद करायचे ठरले. वर्षाली सुट्टीत येऊन मुलींना संगणक शिकवते. संक्रांतीच्या सुमारास तिने दहावीतल्या चंचलला समोर बसवले आणि माझे आतले लिखाण उघडून दिले. ‘सुरू’ आहे तिथे ‘बंद’ लिहायचे, एवढेच काम होते. चंचल ओळी वाचत खाली आली आणि थबकली.

“ताई, इथं माहं नाव काऊन हाये?”

वर्षालीने सगळे सांगितले. काही लपवले नाही. “चूक माही होती. मी तपासाची यादी केली, त्याच्यात दोन बहिणी धरल्याच नाई.”

चंचल पडद्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “त्या दिवशी मी बाबाले आमच्या भाषेत म्हटलं होतं, ‘मी आहो ना, बाबा.’ बाबा मंग घरी जाताना रस्त्यानं रडले.”

इतकी वर्षे मला न कळलेले ते दोन-तीन शब्द हेच होते.

“खाली काही लिहू काय, ताई?” तिने विचारले. वर्षालीने मान हलवली. चंचलने एक बोट वापरून, सावकाश, टिपेखाली एक ओळ लिहिली. मग तिने मला बंद केले.

आता मला एकच वाक्य उरले आहे, ‘अर्ज भरणे बंद झाले आहे.’ मला त्याचे वाईट वाटत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारखा अर्ज बनवेल. नियम जरूर करा, पण आपल्या यादीत नसलेली मुलगीही येईल हे धरून चाला. तिला नाही म्हणण्याआधी एकदा विचारा, आणि खाली एखाद्या माणसाचा नंबर द्या. आणि तुम्हालाच कधी मशीनने परत पाठवले, तर तसेच घरी जाऊ नका. आत कोणीतरी माणूस असतो, त्याला गाठा.

माझे पान अजून उघडते. तुम्हाला तिथे बंद झाल्याचे वाक्य तेवढे दिसेल. त्याच्या आत, तुम्हाला दिसत नाहीत अशा दोन ओळी एकाखाली एक आहेत. वरची वर्षालीची, तुम्हाला ठाऊक आहे ती. खालची चंचलची: ‘मी आहे.’