तळ्याचा पट्टा

धाकटी जाऊ आपणहून बरोबर यायला निघाली, तेव्हाच थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. अठ्ठावीस वर्षं दोघींनी एका घरात काढली होती, पण थोरली लेकीकडे निघाली की धाकटीचं डोकं हमखास दुखायचं. या खेपेला मात्र तिने थोरलीच्याही आधी बॅग भरली.

“तुम्हाला सोबत नको का, जाऊबाई?” म्हणे.

थोरलीला सोबत कधी लागली होती? दिवसभराचा आगगाडीचा प्रवास ती वर्षानुवर्षं एकटीने करत होती, मांडीवर लोकरीची पिशवी आणि हातात चार सुया घेऊन. लेक डोंगरातल्या थंड गावात राहायची. तिच्यासाठी मोजे विणायचे. खिडकीतून जे दिसेल त्याच्या रंगाचा पट्टा मोज्यावर उतरायचा. वाळलेलं गवत, नांगरलेली माती, तळं. उतरेपर्यंत एक मोजा पुरा व्हायचा, दुसरा परतीच्या गाडीत विणून पोस्टाने जायचा.

सकाळी तळं मागे पडलं. थोरलीने तळ्याचा पट्टा घातला आणि पहाटे उठल्यामुळे तिचा डोळा लागला. जाग आल्यावर सवयीने तिने मोज्यावरून बोट फिरवलं आणि ते पट्ट्यावर अडखळलं. टाके घट्ट होते. तिचा हात सैल. असं घट्ट ती जन्मात विणत नसे.

“माझ्या विणकामाला कोणी हात लावला?”

धाकटीने मासिकातून मान वर केली नाही. “कोण लावणार? माझी बोटं लाकडाची आहेत, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना.”

सांगत होती खरी. आता मात्र थोरलीला ते मासिक, तो साळसूद चेहरा, सगळंच खटकायला लागलं. ही पहिल्यापासूनच आतल्या गाठीची. जेवण झाल्यावर तिने आणखी एक पट्टा विणला, शाल अंगावर ओढली आणि चक्क खोटं घोरायला लागली. पापण्यांची फट तेवढी ठेवली.

थोडा वेळ काही झालं नाही. मग धाकटीने हळूच मोजा ओढून घेतला, सुई काढली आणि भराभर उसवायला लागली.

थोरलीने तिचं मनगट धरलं. “सापडलीस! काय वाकडं केलंय गं मी तुझं?”

धाकटीचा चेहरा पडला. “हा पट्टा कशाचा होता, जाऊबाई?”

“हिरवळीचा. दिसत नाही?”

“तुम्ही तपकिरी लोकर लावलीय.”

थोरलीच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. हिला आपल्याला म्हातारी ठरवायचंय! डोळे गेले, बुद्धी गेली म्हणून ओरड करायची, म्हणजे घरात आपला शब्द चालवायला ही मोकळी. तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. थोरलीने त्याच्यापुढे लोकरीचा गुंडा धरला. “साहेब, हा रंग कोणता?”

“तपकिरी.”

“आणि हा? तळ्याचा निळा ना?”

“जांभळा आहे, मावशी.”

“हिने तुम्हाला काही सांगून ठेवलंय का?”

तो हसला. “मी आत्ताच चढलोय. तिकीट दाखवा.”

तो गेला. थोरलीने दोन्ही गुंडे खिडकीच्या उजेडात धरले. चष्मा पुसला, परत धरले. तिला एक हिरवा दिसत होता, एक निळा. दोन स्टेशनं गेल्यावर तिने गुंडे मांडीवर ठेवले. शेवटी म्हणाली, “कधीपासून माहीत आहे तुला?”

“गेल्या खेपेपासून. लेकीचा फोन आला होता. म्हणाली, काकू, येताना आईने तळं निळं विणलं आणि जाताना जांभळं. तिनेच उद्या अकराची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तिथे पोचल्यावर सांगणार होतो.”

“म्हणजे कट होताच!”

“होता,” धाकटी म्हणाली. “आधी सांगितलं असतं तर तुम्ही गाडीत तरी बसला असता का?”

उसवलेल्या लोकरीशी चाळा करत थोरलीने विचारलं, “आणि विणायला कधी शिकलीस?”

“अठ्ठावीस वर्षं शेजारी बसून बघतेय.”

“घट्ट विणतेस.”

“भीतीने. तुम्ही जाग्या व्हाल म्हणून.”

थोरलीला हसू आलं, ते तिने खिडकीकडे तोंड करून लपवलं. मग लोकरीची पिशवी धाकटीच्या मांडीवर ठेवली. “बाहेर काय दिसतंय ते सांग, आणि त्याचा रंग दे.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायला थोरलीला पेन दिलं. तिने ते बाजूला ठेवलं. लेक वाचून दाखवायला पुढे झाली, तर तिला हाताने थांबवलं आणि कागद धाकटीपुढे सरकवला.

“तू वाच. आणि मधलं काही गाळू नकोस.”

धाकटीने सगळा वाचला. थोरलीने तो परत पहिल्यापासून वाचायला लावला, मगच सही केली.