पाणी घाला गो

"काका, वाट लागली! पिण्याच्या टाकीत खारं पाणी शिरलंय," नितेश बोटीच्या पोटातून ओरडला.

धोंडिरामनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

मढहून शिडाच्या बोटीनं निघून आज चौथा दिवस. नितेशला किनारा धरून गोव्यापर्यंत जायचं होतं. वाटेत बोटीचा पंप बिघडला तर घरचा माणूस हवा, म्हणून त्यानं धोंडिरामला आणलं होतं. नितेशच्या घाटकोपरच्या सोसायटीचा पंप धोंडिराम तीस वर्षं सांभाळत होता. सांगोल्याच्या कोरड्या मुलखातला माणूस. समुद्रावर पहिल्यांदाच आलेला.

पुढच्याच खाडीत त्यांनी नांगर टाकला. कॅन आणि बादली घेऊन दोघं छोट्या होडीतून उतरले. चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी वर जात होती. वर सातआठ घरं. छपरं बसलेली, दारांना गंजकी कुलपं, अंगणात गुडघाभर गवत. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

विहीर मात्र भरलेली होती. तिच्यापासून दहा पावलांवर, करंजाखाली, पाच रिकामी मडकी ओळीनं मांडलेली. त्यांच्यावर ना धूळ, ना पाचोळा.

"म्हणजे राहतंय कुणीतरी," नितेश म्हणाला आणि हाका मारू लागला. कुणीच ओ दिली नाही.

कॅन भरले. एक घेऊन नितेश उतरू लागला. "लवकर या काका. ओहोटी लागलीये. बोट गाळात बसली तर उद्यापर्यंत हलणार नाही."

धोंडिरामनं दुसरा कॅन उचलला, तोच मागून आवाज आला.

"पाणी घाला गो कुणी..."

बाईचा आवाज. पाणी मागून मागून झिजलेला. धोंडिराम वळला. करंजाखाली कुणी नव्हतं. बुद्धविहारात जाणारा, भुताखेतांच्या गोष्टींना हसणारा माणूस तो. पण पाय उचलेना. बोली इथली होती. हेल मात्र त्याच्या ओळखीचा होता.

तो सहा वर्षांचा असताना त्याची आई गावच्या विहिरीपासून अशीच लांब मडकं ठेवून उभी राहायची. विहिरीला हात लावायची तिला मुभा नव्हती. वरच्या आळीतल्या कुणा बाईला दया आली, तर ती वरून ओतायची. एका दुपारी कुणीच ओतलं नाही. घरी धाकटी बहीण तापानं फणफणली होती. आई रिकामं मडकं घेऊन परतली, तेव्हा बहीण पाणी मागायची थांबली होती.

हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्यानं कॅन खाली ठेवला आणि बादली विहिरीत सोडली. पहिलं मडकं भरलं. दुसरं भरलं.

नितेश धापा टाकत परत वर आला. "काका, काय चाललंय? कुणासाठी भरताय?"

"थांबलेत कधीचे."

"कोण? इथे कुत्रंसुद्धा नाही यार! बोट अडकेल ना!"

"अडकू दे. तुम्ही व्हा पुढं." तीस वर्षांत धोंडिराम त्याच्याशी असं बोलला नव्हता.

नितेश काहीतरी बोलणार होता. पण त्याची नजर करंजाकडे गेली. पहिलं मडकं, आत्ताच काठोकाठ भरलेलं, जागेवर नव्हतं. तो भराभर पायऱ्या उतरत गेला.

धोंडिराम भरत राहिला. मान त्यानं वर केली नाही. पाणी घेणाऱ्याकडे टक लावून बघू नये, एवढं त्याला कळत होतं. पाचवं मडकं भरल्यावर तो विहिरीकडे तोंड करून उभा राहिला. मागे काकणं वाजली. मग तीही वाजायची थांबली.

तो वळला. करंजाखाली मातीवर पाच ओली वर्तुळं होती. पाखाडीच्या पायऱ्यांवर अनवाणी पावलांचे ओले ठसे उतरत गेले होते आणि निम्म्या वाटेवर झाडीत वळले होते.

खालून नितेशची हाक आली. बोट गाळात बसली होती. कॅन खांद्यावर घेऊन धोंडिराम उतरू लागला. एकाही ठशावर पाय पडू नये म्हणून तो अगदी कडेकडेनं चालला होता.