बाबांच्या वाटणीच्या टिकल्या

कुवेतमध्ये शत्रू आले तेव्हा अपेक्षा सात वर्षांची होती, आणि शत्रू म्हणजे नेमकं कोण हे तिला कुणीच धड सांगितलं नव्हतं. घराखालच्या सैनिकाने एकदा तिच्या आईकडे, नम्रताकडे, पाणी मागितलं आणि पेला विसळून परत दिला. अशा माणसाला शत्रू कसं म्हणायचं?

एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती. बाहेर पडताना आई दोघींच्या कपाळाला मोठ्या लाल टिकल्या लावायची. नाक्यावरचा सैनिक गाडीत डोकावून टिकल्या बघायचा, ‘हिंदी’, म्हणजे भारतातले, म्हणायचा आणि सोडून द्यायचा. बाबांना टिकली नसे, पण सोबत या दोघी असत.

पुढे बाबांनी दोघींना देशाबाहेर जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं. कंपनीच्या गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या, म्हणून ते मागे राहिले. बस सुटल्यावर अपेक्षाच्या लक्षात आलं, की टिकल्यांची सगळी पाकिटं आपल्याच पिशवीत आली आहेत. आता बाबा नाका कसा ओलांडणार?

बिबवेवाडीला मामाकडे आल्यापासून तिने टिकली लावणंच सोडलं. सगळ्या टिकल्या बाबांसाठी जपून कंपासपेटीत ठेवल्या.

“कुवेतला मुलींची कपाळं ओकीबोकी ठेवायची पद्धत आहे वाटतं,” हिरामामी म्हणायची. बाप तिकडे अडकलेला आणि पोरीचं कपाळ रिकामं, हे तिला बघवत नसे.

बुधवार पेठेत मामाचं टीव्हीचं दुकान होतं. लढाई पेटली तशी दुकानासमोर बातम्या बघायला गर्दी होऊ लागली, सेटही खपू लागले. “लढाई आपल्याला लाभली,” मामा एकदा हसत म्हणाला. माणूस वाईट नव्हता, जिभेला हाड नव्हतं इतकंच. अपेक्षा त्या गर्दीत उभी राहून पडद्यावर बाबांना शोधायची. चूक आपलीच आहे हे कुणाला सांगायची सोय नव्हती. भरल्या घरात पोर अगदी एकटी पडली होती.

लढाई संपली. आता आपल्याकडची बाजारपेठ खुली होणार, परदेशी टीव्ही येणार, म्हणून मामा खुशीत होता. त्याच दिवसांत कुवेतहून बाबांचे मित्र श्रीधरकाका आले. मामीने अपेक्षाला गच्चीवर पिटाळलं आणि मग काकांनी सांगितलं. गोदामाकडे जाताना बाबांची गाडी वाळूत पुरलेल्या सुरुंगावर गेली होती.

काका परत जातील तेव्हा त्यांच्याजवळ टिकल्या द्याव्यात, म्हणून अपेक्षा कंपासपेटी घेऊन खाली आली. घर शेजाऱ्यांनी भरलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या कपाळावर टिकली नव्हती.

अपेक्षाला एकदम हलकं वाटलं. इतके दिवस हे आपल्या एकटीलाच सुचलंय असं तिला वाटत होतं. ती आईच्या कानाशी लागली.

“तुझी टिकली बाबांना पाठवलीस?”

आईने तिच्या रिकाम्या कपाळावरून हात फिरवला.

“हो.”

“मग माझ्या नकोत त्यांना?”

“नकोत आता. तू लाव.”

अपेक्षाने कंपासपेटी उघडली, सर्वांत मोठी टिकली काढली आणि आरशाशिवायच कपाळावर दाबली. ती जरा वाकडी बसली. इतके महिने टिकली लाव म्हणून मागे लागलेली हिरामामी तोंडाला पदर लावून आत निघून गेली.