बेचाळीस लिफ्टचं झाड

उंचीच्या बाबतीत कुणी शहाणपण शिकवलेलं कैलासला खपत नसे. बावीस वर्षं तो बहरीनमधल्या सित्राच्या रिफायनरीत परांच्या बांधत होता आणि आता फोरमन होता. गुरुवारी त्याचा मित्र सदानंद आणि त्याची बायको लीना जेवायला आले होते. कैलासच्या दहा वर्षांच्या मुलीने, मृणालीने सांगितलं, अमेरिकेत सिकोयाचं एक झाड चौऱ्याऐंशी मीटर उंच आहे. लगेच बाप सगळ्यांदेखत म्हणाला, "थापा नको मारू. झाड हाय का रिफायनरीची चिमणी?" पाहुणे हसले. पोरगी ताटावरून उठली, ती शुक्रवारी दुपारपर्यंत त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही.

रुसवा सोसवेना आणि माघारही घेववेना, अशी गत झाली. शेवटी त्याने तिची शाळेची वही बघितली. त्यात त्या झाडाची माहिती होती: बुंध्याचा घेर, एकतीस मीटर. "यल्ला, चल, मोजूनच दाखवतो," म्हणत तो टेप आणि दोरी घेऊन हमद टाउनमधल्या आपल्या बिल्डिंगमागे उतरला. मृणाली फुगलेल्या गालांनी मागोमाग आली.

दोरीवर एकतीस मीटर मोजून त्याने गाठ मारली, जास्तीची दोरी बाजूला सोडली आणि गोल जमिनीवर पसरला. त्याची पिकअप गोलात गेली. शेजारच्या जमीलाबाईंची गाडीही गेली, आणि तरी मधून माणसं खुशाल फिरतील एवढी जागा उरली.

कैलास मधोमध उभा राहिला. बुडावरून उंची ओळखणं हे तर त्याचं रोजचं काम! दोन मीटरचा एक टप्पा म्हणजे एक लिफ्ट. सित्रातला त्याचा सगळ्यात उंच टॉवर तीस लिफ्टचा. त्याला चाळीस माणसं महिनाभर राबली होती. हे झाड बेचाळीस लिफ्ट! ना कुणी पाइप दिला, ना क्लॅम्प आवळला. एवढ्याशा बीतून निघून दोन हजार वर्षं ते आपलं आपण वर चढत राहिलं. मान वर करता करता त्याच्या अंगावर काटा आला. असल्या कारागिरापुढे आपण कोण, असं त्याला मनापासून वाटलं.

तिथूनच त्याने फोन लावला, स्पीकरवर. "सदानंदभाऊ, काल पोरगी खरं बोलत हुती. मीच येड्यावानी बोललो. लीनावहिनींना पण सांगा."

मृणाली दोरी ओलांडून आत आली. "बाबा, ते अजून ग्रो होतंय. दरवर्षी जाड होतं."

कैलास खाली बसला, दोरीची गाठ सोडली आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "दोरी किती वाढवू, सांग."