पंधरवड्याची सूट

सोमनाथला जाऊन दहा महिने झाले, तेव्हा मंजुषाने तीन शोरूमची तीन कोटेशने माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"आप्पा, तुमच्या पद्धतीनं तक्ता करून द्या. ह्यात खरं किती नि बोलायचं किती, मला कळंना."

मंजुषा माझी सून. सोमनाथ आमचा एकुलता मुलगा. तो पाचोडच्या बाजारातून भाजीपाला उचलून शहरात आणत असे. नोव्हेंबरात एका सकाळी जाधववाडीच्या मंडईत माल उतरवताना त्याचे हृदय थांबले. डॉक्टरांनी कारण एका ओळीत लिहून दिले. त्याची पिकअप तेव्हापासून मुकुंदवाडीत आमच्या दारासमोर उभी होती. मंजुषाने उन्हाळ्यात वाहन चालवण्याचा परवाना काढला. पण त्या गाडीचा विमा मार्चमध्ये संपला होता आणि तो नव्याने निघत नव्हता. म्हणून ती दुसऱ्याची गाडी भाड्याने लावून धंदा चालवीत होती. एका खेपेला अठराशे रुपये भाडे.

आता शेंद्र्याच्या एका कारखान्याचे उपाहारगृह चालवणारा कंत्राटदार तिला रोजचा भाजीपुरवठा देण्यास तयार झाला होता. पाच ऑक्टोबरपासून. अट एकच: गाडी स्वतःची, पाच वर्षांच्या आतली, कागदपत्रे पूर्ण. गाडी नसेल तर काम दुसऱ्याला. सोमनाथची गाडी दहा वर्षांची होती. हातात तेरा दिवस होते.

मी तक्ता करायला घेतला. तंत्रनिकेतनात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते की दोन मापांची तुलना करण्यापूर्वी ती एका आधारावर आणावीत. नंतर एकतीस वर्षे वाळूजच्या कारखान्यात मी तेच केले. पट्टी, मायक्रोमीटर, तीन वेळा वाचन, मग नोंद. शोरूमवाल्यांनी मात्र आधार एक होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली होती. पहिल्याने रोख सूट तीस हजार लिहिली होती आणि जुनी गाडी दिल्यास आणखी पंचवीस. दुसऱ्याची रोख सूट पंचेचाळीस हजार, बदल्याची पंधरा, शिवाय एक मिक्सर; परंतु खाली बारीक अक्षरात हाताळणी खर्च म्हणून आठ हजार परत घेतले होते. व्याजदर कमी हवा असेल तर रोख सूट सोडावी लागणार होती, हे त्याने लिहिलेच नव्हते. मी फोन करून काढून घेतले. तिसऱ्याची रोख सूट बावीसच हजार, पण जुन्या गाडीवर चाळीस, आणि तीस सप्टेंबरच्या आत बिल केल्यास वर पंधरा.

मिक्सर मी तक्त्यात घेतला नाही. रुपये आणि मिक्सर यांची बेरीज होत नाही.

जुनी गाडी द्यायची नसेल तर दुसरा आणि तिसरा दोघे सदतीस हजारांवर येत होते, अगदी समान. जुनी गाडी दिली तर तिसरा सत्त्याहत्तरवर जात होता आणि उरलेले दोघे बरेच खाली राहत होते. मुख्य म्हणजे फायनान्सला सुरुवातीस अडीच लाख भरायचे होते. मंजुषाजवळ पंच्याऐंशी हजार होते. तिसऱ्याने जुन्या गाडीची किंमत एक लाख सत्तर हजार धरली होती. ती गाडी गेल्याशिवाय नवी येणे शक्य नव्हते. मी तिसऱ्या रकान्याखाली लाल रेघ ओढली.

साळूबाई, माझी पत्नी, तांदूळ निवडीत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"ती पंधरा हजाराची कशाची सूट म्हनं?"

"पितृपंधरवडा आहे. गिऱ्हाईक येत नाही, म्हणून देतात."

"म्हंजे मेलेल्यांच्या दिसांत सस्तात इकत्यात. आन वर्ष झाल्याबिगर घरात नवं काय आनत नायत, ते कुठल्या रकान्यात लिव्हलं?"

"त्याला रकाना नाही."

"नसंलच. इस्त्रीची वायर बदलायची तरी नकाशा काढता तुमी. जे नकाशात नाय ते तुमच्या लेखी हायच नाय."

तो रविवार होता. रविवारी सकाळी सात वाजता मी सोमनाथची गाडी दहा मिनिटे चालू ठेवीत असे. बॅटरी उतरू नये, डिझेलमध्ये गाळ साचू नये, यासाठी ते आवश्यक असते. त्या दिवशीही ठेवली होती. तेलाचा दाब योग्य होता. दहा मिनिटांनी बंद केली, किल्ली खिळ्याला लावली. त्या वेळी मला काही वाटते का, असे एकदा मंजुषाने विचारले होते. मी पंख्याच्या पट्ट्याबद्दल सांगितले होते.

गुरुवारी आम्ही दोघे तिसऱ्या शोरूमला गेलो, बीड बायपासवर. विक्रीच्या टेबलावर याह्या नावाचा तरुण होता. त्याने माझा तक्ता दोन्ही हातांनी धरून वाचला.

"काका, आमच्या मॅनेजरला पण असं जमत नाही. दुसऱ्याचे आठ हजार तुम्ही पकडले कसे?"

"खालची ओळ वाचली."

"खालची ओळ कोणी वाचत नाही हो. वाचली तर आम्ही जेवणार काय?" तो हसला, मंजुषाही हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे दात दिसले, हे मी नोंदवले. "ताई, बिल तीस तारखेचं करू आणि गाडी घटस्थापनेला घेऊन जा. सगळे तसंच करतात. सूट पंधरवड्याची, पूजा घटाची. घरच्यांना पण बरं वाटतं."

मंजुषा म्हणाली, "हे मी आत्याबाईंना सांगितलं तर ऐकतील."

"आता फक्त जुन्या गाडीचं आरसी बुक दाखवा. कोणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्या होतं. आता माझ्या नावावर होतंय. आप्पांनी डिसेंबरातच कागद आरटीओत दिलेत, अजून आलं नाही."

याह्याने माझ्याकडे पाहिले. "पोचपावती असेल ना, काका? पोच असली तरी चालेल. नसली तर मात्र गाडी घेता येणार नाही. मयताच्या नावाची गाडी आम्ही कशी घेणार?"

"पोच नाही," मी म्हणालो.

"हरवली?"

"नाही. कागद दिलेले नाहीत."

मंजुषाने पर्सचा पट्टा हातात धरला होता तो तसाच राहिला. वातानुकूलन यंत्राचा आवाज येत होता. त्याच्या पंख्याला तोल नव्हता. दहा महिने ती दर महिन्याला मला विचारीत आली होती आणि दर महिन्याला मी 'काम चालू आहे' असे उत्तर दिले होते. नावबदल नाही म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून गाडी रस्त्यावर नाही, म्हणून एका खेपेला अठराशे रुपये. हे मला अवगत होते. मी ते कधी तक्त्यात मांडले नव्हते.

"उद्या संध्याकाळपर्यंत पोच आणा," याह्या हळू आवाजात म्हणाला. "तोवर मी गाडी धरून ठेवतो."

रिक्षात मंजुषा रस्त्याकडे पाहत बसली. सेव्हन हिल्सच्या पुलाखाली तिने एवढेच विचारले, "का, आप्पा?"

"सही करायची होती."

फाईल कपाटात होती. डिसेंबरात मी आरटीओबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या चांदपाशांकडून फॉर्म आणला होता. मालक मृत झाल्यावर नाव बदलण्याचा अर्ज, आणि त्याबरोबर वारसांचे संमतीपत्र. त्यांनी सांगितले होते, घरातल्या सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. मी घरी येऊन वारसांची यादी सुवाच्य अक्षरात केली. क्रमांक एक: वडील. पुढे आई, पत्नी, मुलगा, मुलगी. यादीवर ओळ होती, 'वरील मयत व्यक्तीचे आम्ही वारस'. त्या ओळीखाली पहिली सही माझी हवी होती. मी पेन उघडले, बंद केले, फाईल ठेवली. जानेवारीत पुन्हा तसेच झाले. नंतर मी फाईल उघडणे थांबवले आणि रविवारी गाडी चालू करू लागलो.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघे चांदपाशांच्या पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसलो. साळूबाईलाही यावे लागले.

"आप्पासाब!" चांदपाशांनी चष्मा कपाळावर सरकवला. "थंडीत कागद घेऊन गेलते तुम्ही. मधी उन्हाळा झाला, बरसात झाली. मला वाटलं दुसऱ्या एजंटाकडं गेले."

मी फाईल पुढे केली. त्यांनी यादी वाचली, खिशातून पेन काढले आणि क्रमांक एकवर आडवी रेघ मारली. नंतर खालचे क्रमांक एक एक करून बदलले.

"हे काय केलंत?" मी विचारले.

"बाप नाय येत ह्याच्यात. मुलगा गेला तर वारस कोण? बायको, लेकरं, आई. बाप दुसऱ्या वर्गात. हे सगळे असल्यावर त्याचा नंबर लागत नाय. तुमच्यातला कायदा हाय, मी काय बनवला नाय."

"म्हणजे माझी सही—"

"लागतच नाय. कधी लागणार पण नव्हती."

साळूबाईने प्रथम चांदपाशांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ह्यांची नकोच व्हती?"

"नाय, भाभी."

"मंग धा महिनं..." पुढचे वाक्य तिने पूर्ण केले नाही. ते मला ठाऊक होते आणि मंजुषालाही. शेडवरच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याच्या नखांचा आवाज मोजता येईल इतका स्पष्ट होता.

साळूबाईने पदराने हात पुसले. "कुठं करू?"

"आत्याबाई, वर्षाचं..." मंजुषा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. जेवढं थांबायचं तेवढं ह्येच थांबल्येत." तिने पेन घेतले. तिला सही करायला सोमनाथनेच शिकवले होते, तो सातवीत असताना. ती प्रत्येक अक्षर सुटे काढते. त्याला वेळ लागला. मंजुषाने आपली आणि सार्थक-संस्कृती या दोन्ही मुलांच्या वतीने अशा तीन सह्या केल्या. नोटरीचा शिक्का बसला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पोचपावती हातात पडली. या सगळ्याला साडेतीन तास लागले होते.

तीस तारखेला बिल झाले. सत्त्याहत्तर हजार रुपये वजा झालेले मी तीन वेळा तपासले. ते बरोबर होते.

जुनी गाडी नेण्यासाठी त्याच दिवशी दुपारी शोरूमचे गाडी ओढून नेणारे टोचन आले. विमा नसल्याने ती चालवून नेता येत नव्हती. गोकुळ नावाचा यार्डातला माणूस हातात कार्बनची पावतीवही घेऊन उतरला. मंजुषा पाचोडला गेली होती. साळूबाई दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

"स्टेपनी?"

"आहे. हवा बत्तीस."

"जॅक, पाना?"

"सीटखाली."

"रीडिंग?"

"दोन लाख चौदा हजार तीनशे शहाऐंशी."

"काका, बघितलं पण नाय तुम्ही!"

"दहा महिने तेच आहे."

त्याने लिहिले, खिळ्यावरून मी काढून दिलेली किल्ली खिशात टाकली आणि वही माझ्यापुढे धरली. "इथं नाव, इथं मालकाशी नातं, आन हितं सही. गाडी सोपवणाऱ्याची."

"माझी चालेल?"

"जो देतो त्याची. तुम्हीच देताय ना?"

मी नाव लिहिले. पुढच्या चौकटीत 'वडील' असे लिहिले. सही केली. गोकुळने पिवळी प्रत फाडून माझ्या हातात दिली आणि टोचनाचा हुक गाडीच्या पुढच्या कडीत अडकवला.

मी पिवळी प्रत पाहिली. नाव उमटले होते, नातेही उमटले होते. सहीच्या जागी फक्त एक फिकट रेघ होती. पेन पुरेसे दाबले गेले नव्हते.

"थांबा," मी म्हणालो.

"आता काय, काका?"

"कार्बनवर सही आलेली नाही."

त्याने वही पुन्हा पुढे केली. मी पिवळी प्रत परत कार्बनखाली सरकवली, कडा जुळवून घेतल्या, वही गाडीच्या बॉनेटवर सपाट ठेवली आणि त्याच सहीवरून दाबून पुन्हा सही केली.