रिफ्रेन करा

लक्ष्मीकांतांनी उभा जन्म देपालपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण एका इंग्रजी शब्दानं त्यांची अशी पंचाईत कधी केली नव्हती.

राजेंद्र नगरात मराठी मंडळाचं समूहगान बसत होतं. बसवणारी श्रिया, पुण्याहून बदलून आलेली, ऑफिसात एचआर. लक्ष्मीकांतांच्या पत्नी इंदिराबाई मंडळात पहिल्यापासून गायच्या. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर मात्र त्यांचा आवाज वरच्या पट्टीत फाटायचा. तोंडावर सांगायची श्रियाला हिंमत नव्हती. तिनं मोबाइलवर पाठवलं, 'काकू, यावेळी प्लीज रिफ्रेन करा.' मतलब, गाऊ नका. सरळ मराठीत लिहिलं असतं तर काय बोटं झिजली असती?

झालं! रिफ्रेन म्हणजे ध्रुपद, गाण्यात फिरून फिरून येणारी ओळ, एवढं गाणाऱ्या बाईला ठाऊकच. अख्खं ध्रुपद आपल्याला दिलं म्हणून इंदिराबाई हरखल्या. ऑपरेशनपासून ज्या बाईनं गुणगुणणंसुद्धा टाकलं होतं, ती पोहे परतताना ध्रुपद घोळवू लागली. अगं, क्रियापद आहे ते, हे लक्ष्मीकांतांच्या अगदी ओठांवर यायचं. पण ते मूग गिळून बसायचे, आणि मग स्वतःवरच चिडायचे.

शेवटी ते श्रियाला भेटले. राहू दे तिला, म्हणाले. पोरगी ओशाळली, पण बधली नाही. कार्यक्रम सगळ्यांचा आहे काका, तुम्ही घरीच सांगा, नाहीतर उद्या तालमीत सगळ्यांसमोर मला सांगावं लागेल, म्हणाली. तेही खरंच होतं.

घरी येऊन त्यांनी चप्पलही काढली नाही.

"इंदिरा, रिफ्रेन म्हणजे थांबणं. तुला गाऊ नको म्हटलंय तिनं."

इंदिराबाईंनी गॅस बंद केला.

"ठाऊक आहे. त्याच दिवशी मोबाइलवर बघितलं होतं. दोन अर्थ दिले होते, मी मला हवा तो घेतला."

"मग रोज गात का होतीस?"

"तुम्ही सांगाल तोवर गाऊन घ्यावं म्हटलं. एकदा सांगितलंत की थांबायचंच होतं."

लक्ष्मीकांतांनी चप्पल काढली. ते तिथेच पाटावर बसले.

"मी अजून काही बोललोच नाही असं समज," ते म्हणाले. "म्हण."

इंदिराबाईंनी भिंतीला टेकून ध्रुपद धरलं. वरच्या सुरावर आवाज फाटला. त्या जरा थांबल्या, खाकरल्या, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.